डिव्हाइस ओळखता आलं नाही

उद्या अकराला म्हाडाच्या टेबलावर
भेगांचे फोटो छापून ठेवायचेत,
एकूण एकशे एकोणचाळीस,
खाली सेक्रेटरी म्हणून सही माझी.
आणि कॉम्प्युटर म्हणतो,
डिव्हाइस ओळखता आलं नाही.

अरे, दर दसऱ्याला
एकाच ताटातल्या झेंडूची फुलं वाहिलीत
तुम्हा दोघांना.

ड्रॉवरमधून चार वायरी निघाल्या.
पहिलीचं तोंड रुंद.
दुसरी बसली, पण दाबून धरली तरच.
तिसरी लावली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर
अक्षरं उमटली, माझा जीव भांड्यात पडला,
पलीकडे मात्र ढिम्म.
खालचा निमिष आला, दहावीचं पुस्तक काखेत घेऊनच.
वायर बोटांत फिरवली, म्हणाला,
"काकू, ही नुसती पाजणारी आहे.
बोलणारी वेगळी असते."

चौथी बोलणारी निघाली.
तरी बोलेना.
"पुढची भोकं मेलीत. मागून लावा."
मी टेबलाखाली शिरले, साठीचे गुडघे टेकत.
तिथे धूळ, दोन वर्षांपूर्वी हरवलेली
कुड्याची फिरकी,
आणि भिंतीकडे तोंड करून रुसलेली चार भोकं.
ती भिंतही फोटोंत आहे.

टुण्‌.

फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत
सगळे फोटो दाटीवाटीने, सगळ्यांवर एकच तारीख:
एक जानेवारी दोन हजार आठ.
"आतलं घड्याळ कधीच मेलंय," निमिष म्हणाला.
म्हणजे सरकारदरबारी
कन्नमवार नगरातली आमची अख्खी बिल्डिंग
एकाच रात्रीत तडकली.
तारीख पेनाने दुरुस्त करून सही करीन, म्हटलं.

हिरवी पट्टी सरकायला लागली.
चाळीस. सत्तर.
एकशे सातवर थांबली ती थांबलीच.
सेल संपले.
भिंतीवरच्या घड्याळातला एक काढला,
एक निमिषच्या घरच्या घड्याळातला.
कॅमेऱ्याने डोळा उघडला, मिटला.
घड्याळाला फार थोडं जेवण पुरतं,
ह्याला नाही.
वाणी शटर ओढत होता, त्याने खालूनच पाकीट सरकवलं,
"उद्या द्या पैसे."

मग एकेक उघडून नाव द्यायला बसलो.
इंजिनिअर म्हणाला होता,
भेगेशेजारी काहीतरी ठेवा, माप कळायला.
मी पट्टी घेऊन गेले होते,
पण जो तो आपलं बोटच पुढे करायचा.
हे हळद मुरलेलं, सातार्डेकर वहिनींचं.
हे पहिलं पेर नसलेलं, म्हापणकरांचं,
बाकीचं प्रेसखाली राहिलं, कंपनीत.
हे हललेलं, पुसट, तळमजल्याच्या अण्णांचं;
भेग मात्र स्वच्छ आलीय.
हे जुईलीचं, साडेतीन वर्षांचं,
माप दाखवायचं सोडून
भेगेत अर्धं आत गेलेलं.

निमिष विचारत होता, "हा कुणाचा?"
मी न बघता सांगत गेले,
म्हणजे बघूनच, पण भेगेकडे न बघता.
खोली नंबर, मजला, स्वयंपाकघर, मोरी.
तो टाइप करत गेला.

एकशे अडतीस झाले.
शेवटचा उघडला.
छतापासून खिडकीपर्यंत उतरलेली एक रेघ,
शेजारी कुणीच नाही.
"हा?"
"आमचा."
"पण ह्यात बोट नाही काकू. माप कसं कळणार?"
मी म्हटलं, दोन्ही हातांत कॅमेरा होता.

तो थोडा वेळ बसला.
मग त्याने पडद्यावरच, काचेवर,
आपलं शाई लागलेलं बोट टेकवलं.
"एवढी होती?"

"नाही रे," मी म्हटलं,
"जरा अजून."