दोन अंश मागे

केमियार्वीच्या पुढे रस्ता नऊ किलोमीटर सरळ जातो.
दोन्ही बाजूंना बर्फ, बर्फात स्प्रूसची झाडं,
कुणाचीही वाट न पाहणारी.
रात्रीचे अकरा. उणे एकोणीस.
"औलिस, इथे थांब," हिल्का म्हणते
आणि वडिलांचे ते जुने कानाचे डबे डोक्यावर चढवते.
कागदाच्या गिरणीत तीस वर्षं त्यांनी आवाज बाहेर ठेवला.
तिनं त्यांना भोकं पाडली, रबरी नळ्या जोडल्या,
नळ्यांच्या टोकाला तांब्याची नळी, ठोकून चपटी केलेली,
इंजिनाच्या बरगडीवर बोल्टनं आवळलेली.
आता गाडीच्या पोटातलं सगळं तिच्या कानात.

"तिसरा गिअर. दोन हजारांपासून सहापर्यंत.
मी हात वर केल्याशिवाय पाय काढायचा नाही."

टर्बो आधी उसासा टाकतो, मग ओढतो.
खिळ्यांचे टायर बर्फ खरवडतात,
स्क्रीनचा निळा उजेड तिच्या हनुवटीवर.

मधल्या थांब्यावर, थर्मासमधली कॉफी ओतताना
ती मला सांगते, जणू मी शाळकरी पोर:
पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते,
जाळ पसरायला वेळ लागतो ना.
सकाळी दही हवं तर विरजण रात्री.
पण हवा दाबून भरली की जाळ धावत सुटतो,
मग ठिणगीनं जरा थांबून यायचं.
जितकी कोंबाकोंबी, तितका धीर.
आधीच आली तर गुडघ्याला बाशिंग:
पिस्टन अजून चढतोय, आणि वरून हातोडा.

चौदा अंश. गाडी खूश.
पंधरा. सोळा. पाठ सीटला चिकटते.
सतराला जेमतेम फरक.
"अठरा," मी म्हणतो. ती माझ्याकडे बघते,
आकडा टाकते.

साडेचार हजारांवर तिचा हात वर.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
"वाटाणे," ती म्हणते. "पत्र्याच्या डब्यात
गुरुवारच्या सूपसाठी कोणीतरी वाटाणे ओततंय. सात-आठच."
सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल
कुणी न सांगता पेटलं होतं.

ती सतरावर आली. मग सोळा. मग पंधरा.
"सोळाला तर काही वाजलं नव्हतं!"
"आज नव्हतं वाजलं."
खिडकीची काच तिनं बोटभर खाली केली,
थंडी सुरीसारखी आत.
"ही आपल्या बाजूनं खोटी साक्ष देते.
जुलैत तू ओऊलूला जाशील. मागे ट्रेलर,
शेजारी तुझी आई, बाहेर अठ्ठावीस डिग्री,
पंपावर मिळेल ते पेट्रोल, आणि लांबच लांब चढ.
तेव्हा हे डबे घालून मी मागच्या सीटवर नसणार."

तिच्या गॅरेजच्या खिडकीत एक पिस्टन आहे, त्यात पेन्सिली ठेवते.
कड विरघळलेली, चहात बुडवून काढलेल्या साखरेसारखी.
गिऱ्हाइकं विचारतात, कुणाचा? ती उत्तर देत नाही.
आज मी विचारलं नाही, तरी म्हणाली,
"माझाच. एकोणीस अंश. वय बावीस.
त्या रात्रीही अशीच थंडी होती.
फुटला मात्र जूनमध्ये."

फाईल तिनं साठवली. नाव दिलं: जुलै.

परतताना डबे माझ्या कानावर दिले, स्वतः गाडी चालवली,
त्याच रस्त्यावर, तिसऱ्या गिअरला, पाय खालपर्यंत दाबून.
मी श्वास धरून ऐकत होतो.
झडपांची कुजबुज, हवेची शीळ, रस्त्याची घरघर.
बाकी काही नाही.
"काय ऐकू येतंय?" तिनं ओठांनीच विचारलं.
मी मान हलवली.
"त्याचेच पैसे घेते," ती म्हणाली,
आणि साठ युरो जास्त लावले,
रात्रीचे म्हणून.