लोखंड

ऑक्टोबरची दुपार, कन्नमवार नगर, तिसरा मजला.
एसीच्या पेटीमागे, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात
गांधीलमाश्यांनी घर केलं होतं.
मला ठाऊक होतं.
तौफिकला सांगायचं राहून गेलं.

(राहून गेलं नव्हतं.
सांगितलं असतं तर तो आला नसता
आणि आधीचे दोघे असेच फोन ठेवून बसले होते.)

ग्रिलबाहेर कमरेपर्यंत गेला तो
आणि नुसतं "अम्मा" ऐकू आलं.
मला म्हणाला की त्याच्या आईला,
अजून कळलेलं नाही.

उजव्या मुठीवर दोन, कानाच्या पाळीला एक.
बघता बघता पाळी
भिजत घातलेल्या वालासारखी टम्म.

बातमीला जिना चढावा लागत नाही.
पागधरे वहिनी चुन्याची डबी घेऊन हजर,
त्यांच्यामागे शिरसाटांची सून, हातात टूथपेस्ट.
"चुना नको, खायचा सोडा लावा."
"सोडा मधमाशीला, हिला व्हिनेगर."
"आधी नांगी काढा, नांगी!"
"अहो, गांधीलमाशी नांगी मागे ठेवत नाही,
काटकसरी बाई ती, परत घेऊन जाते घरी."
डिमेलोंनी तर जेवता जेवता
ताटातला अर्धा कांदाच आणला होता,
त्याला आमटी लागलेली.

तौफिक स्टुलावर बसून
प्रत्येकापुढे हात करत होता,
वर्गातल्या मुलाने छडीसाठी करावा तसा.

मला एकच आठवत होतं.
माणगावला वडील कोयत्याचं पातं आडवं धरायचे,
गार,
डंखावरून हळू फिरवायचे,
म्हणायचे, लोखंड आग ओढून घेतं.

तर लोखंड.
तवा बघितला, नॉनस्टिक.
पळी, झारा, सांडशी, सगळं स्टील.
खिडक्या गेल्या वर्षी ॲल्युमिनियमच्या केल्या,
ग्रिलवर रंगाचे चार हात.
विळी भंगारात दिली, तेवीस रुपये किलो,
किलोभरसुद्धा भरली नाही.
कपाटाची किल्ली पितळेची.
भिंतीत खिळा असेल म्हटलं, तर
ह्यांचा फोटोही
चिकटवायच्या हुकावर लटकलेला.
तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात
अख्ख्या मुंबईला नंबर शोधून दिले मी.
घरात बोटभर लोखंड सापडेना.

रिकाम्या हाताने बाहेर आले तेव्हा
तळमजल्यावरच्या वाघचौरे सिस्टर आल्या होत्या,
राजावाडीची रात्रपाळी डोळ्यांत तशीच.
त्यांनी चुना, सोडा, आमटी, सगळं साबणाने धुतलं,
रुमालात बर्फ बांधला,
आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच कुणीतरी
त्याला काही विचारलं.
श्वास लागतोय? घसा आवळतोय? जीभ जड?
पूर्वी कधी चावली होती?
मग जमिनीवर बसल्या, घड्याळ समोर धरून.
अर्धा तास.
"लागला श्वास तर थेट हॉस्पिटल.
तोवर तुमचं भांडण चालू द्या."

मी म्हटलं, कुणाकडे लोखंड आहे का हो, साधं?
सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.
तौफिकने डाव्या हाताने पिशवी ओढली,
चौदा-पंधराचा पाना काढून माझ्यापुढे धरला.
"ये चलेगा?"

सिस्टर म्हणाल्या, "चोळू नका. नुसता टेकवा."
मी टेकवला. जड होता.
कोण कुणाचं काय ओढून घेत होतं, देव जाणे.
त्याने डोळे मिटले होते.

व्हिजिटचे तीनशे. मी पाचशे दिले.
डाव्या हाताने खिसा चाचपत त्याने
दोनशे काढले, टीव्हीवर ठेवले.
चपला घालताना म्हणाला,
"छत्ता पुराना है, अम्मा."
एवढंच. आवाज चढवला नाही.

रात्री एसी बंदच होता.
पेटीमागे त्यांचं काहीतरी चाललं होतं, बारीक,
कागद कुरतडल्यासारखं.
तळहाताला ग्रीसचा वास येत होता.
दोनदा धुतला.