बावीस नंबरचं दार

जळगावचा माणूस नवं खोकं बसवून गेला.
आता पडद्यावर हिरवी-तांबडी बटणं,
कोण कुठून आत घुसू बघतं त्याचे फुगते ठिपके.
झंवरशेठ खुर्ची ओढून बसले,
"हे बघा, हे मलाही कळतं."
आणि खरंच कळत होतं.

मी सात वर्षं काळ्या खिडकीत टाइप करून
ही तेलगिरणी राखली. एका ओळीत
एक पाहुणा, एक दार, हो किंवा नाही.
वाचन वरून खाली. पहिली जी लागू पडली
तिथेच निकाल; खालच्या ओळी कोणी वाचत नाही.
मे महिन्यात अमळनेरचा टॉवर धापा टाकतो,
बटणं उघडतच नाहीत, नुसतं चक्र फिरतं
घाण्याला जुंपल्यासारखं.
काळी खिडकी तेवढी एका काडीच्या नेटवर येते.

हे मी लोकेशला सांगते. तो मान डोलावतो,
आणि टॅली चालेना म्हणून
'सर्वांना परवानगी'वर टिचकी मारतो.
बटण हिरवं झालं. हिरवं म्हणजे बरं.

पण मी तरी कुठली शहाणी.
परवा त्या ठिपक्यांतच दिसलं,
वजनकाटेवाल्यासाठी उघडून विसरलेलं दार,
ओळ एकशे बारा. माझ्याच हातची.

आणि ती रात्र. धरणगावला घरी,
एका हाताने कळण्याची भाकर मोडत
दुसऱ्या हाताने 'सगळं नाकार'
मी सगळ्यात वर लिहिलं. एंटर.
माझंच बावीस नंबरचं दार माझ्या तोंडावर.
खिडकी काही बोलली नाही.
कर्सर तिथेच थिजला.

मग स्कूटी, साडेबारा, सरकीच्या वासाचा रस्ता,
फाटकाशी बॅटरी रोखून हिंमतदादा:
"कोन शे?"
"मी, वैजू."
"इतली रातले? काय व्हयनं वं माय?"
काय सांगू. किल्ली आत ठेवून कुलूप लावलं, दादा.
त्याने कुठली यादी बघितली नाही.
आवाजावर फाटक उघडलं.

तेव्हापासून काही बदलण्याआधी
एक ओळ लिहिते:
पाच मिनिटांत मी परतले नाही
तर सगळं होतं तसं कर.
शेठच्या पडद्यावर असं म्हणायचं बटण
आहे म्हणतात, तिसऱ्या मेनूत. शोधते आहे.

लोकेशला म्हटलं, तू मला बटणं शिकव,
मी तुला ओळी.
तो म्हणाला, आधी ते पाच मिनिटांचं सांगा.