शुक्रवारी प्रेस बंद असतो

टिपणीस बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा
मला वाटलं, दारावरच्या घंटीचं सर्किट असेल.
त्यांनी कागद पसरला. नखाएवढे चौकोन,
चार रांगा, रांगेत चार.
म्हणाल्या, भोईर, रेघ केसभर सरकली
तर माणूस हरवेल.

मी रबाळ्यात तेवीस वर्षं
फेरिक क्लोराइडला तांबं खाऊ घालतोय.
बोटं कायमची पिवळी,
लग्नात हळद लागली ती कुणाला दिसली नाही.
माझ्या पाट्या लिफ्टमध्ये गेल्या, मिक्सरमध्ये गेल्या,
माणसाच्या छातीसमोर एकही नाही.

कशाला हवंय, मी विचारलं नव्हतं.
अकराव्या पाटीला, बिल बघता बघता
त्यांनीच सांगितलं :
भाजलेल्या अंगावर वायर चिकटवायला
कातडी उरलेली नसते.
लांबून ऐकावं लागतं.
मग सुट्टे पैसे मोजून दिले.

बाराव्या पाटीला ठोका सापडला.
रिकाम्या खुर्चीवर.
मिनिटाला बहात्तर, जरा म्हणून चुकत नव्हता.
बाई खुर्चीकडे बघत राहिल्या,
मी देवाच्या फोटोकडे.
भिंतीपलीकडे शेलारचा पॉवर प्रेस
बाटल्यांची बुचं पाडत होता.

म्हणजे पाटी पाठीमागचंही ऐकते.
समोरचं तेवढंच ऐकणं
आमच्या घरात कुणाला जमत नाही,
तिला कसं जमावं?
पुढच्या चार पाट्या मी नुसती भोकं पाडली,
कडेकडेनं, तिचे मागचे कान बुजवायला.

सतरावी पाटी शुक्रवारी लावली.
शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. रस्त्यावर कुत्री.
पंखा उतरवून ठेवला, त्यालाही नाडी असते.
मी चटईवर उताणा.
श्वास घ्या, बाई म्हणाल्या, नेहमीसारखा.
सांगितल्यावर नेहमीसारखा कोण घेतो?

पडद्यावर माझा श्वास, जाड, गढूळ,
खाडीत भरतीला होडी उचलते आणि बसते, तसा.
ठोका त्याच्या पोटात कुठेतरी,
अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही.
बाई वाकल्या. आणखी वाकल्या.
पाटीच्या अगदी पुढ्यात.

आणि चिखल खाली बसावा
तशी रेघ नितळ झाली.
एक. एक. एक.
अठ्ठ्याण्णव.

माझा नाही, मी सांगितलं, मी जोरात श्वास घेतोय.
उठून भिंतीला कान लावला.
शेलारच्या गाळ्याला कुलूप होतं.

मग मी त्यांच्याकडे पाहिलं.
ओठ मिटलेले, खांदे वर,
किती वेळ कोण जाणे, त्यांनाही माहीत नव्हतं.

बाई, म्हटलं, श्वास सोडा.

त्यांनी सोडला,
आणि रेघ पुन्हा गढूळ झाली.