तळमजल्याचं भाडं

वसतिगृहाच्या दरपत्रकात लिफ्टचा रकाना नाही.
तिसरा मजला, तिघींत एक खोली,
न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला :
महिना अठराशे.
तळमजला, पाहुण्यांसाठी राखीव,
संडास आत, दाराला उंबरा नाही :
महिना साडेचार हजार.
उंबरा नसण्याचे एवढे पैसे पडतात
हे मला कागलात कुणी सांगितलं नव्हतं.

तांडेल बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"खालची खोली तूच मागितलीस ना?"
मीच.
म्हणजे मागितली पायांनी,
मी फक्त सही केली.

मग अर्ज.
सवलत का मिळावी, थोडक्यात लिहा.
थोडक्यात लिहायला मला तीन रात्री लागल्या.
पहिल्या रात्री लिहिलं, कृपा करून.
खोडलं.
दुसऱ्या रात्री हिशेब मांडला :
कुबडीच्या टोकाचं रबर
कलिन्याच्या फरशीवर दीड महिन्यात झिजतं,
जोडीला एकशेवीस;
बसची पायरी गुडघ्याच्या वर येते
म्हणून स्टेशनपर्यंत रिक्षा,
आणि कुबड्या बघून तो मीटर पाडतो
की नुसताच पुढे निघून जातो,
हे त्याच्या मूडवर;
लायब्ररीला उतार आहे, खोटं कशाला बोलू,
पण उतारावर कुंड्या आहेत,
उतार फार रिकामा दिसत होता म्हणे –
हेही खोडलं. रकाना दोनच ओळींचा होता.
तिसऱ्या रात्री लिहिलं :
वर जाता येत नाही म्हणून खाली राहते.
खाली महाग आहे.

समिती बसली. पुढल्या महिन्यात परत बसली.
बसणाऱ्यांबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे.
एका सरांनी विचारलं, टक्के किती?
बावन्न, म्हटलं.
सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी
हाच आकडा अब्बांना फोनवर सांगितला होता.
ते जरा वेळ गप्प राहिले,
मग म्हणाले, बारावीला याहून चांगले पडले होते तुला.

गुरुवारी मंजूर झालं.
पावती यंत्रातून निघाली, अजून कोमट :
मुजावर यास्मिन दस्तगीर, खोली तीन,
भाडं चार हजार पाचशे,
वजा सवलत दोन हजार सातशे,
भरायचे अठराशे.

"बाई, हे तर सगळ्यांएवढंच झालं."
"मग? साठ टक्के सूट आहे बाळा,
एवढी माझ्या सर्व्हिसमध्ये कुणाला दिलेली नाही."
त्यांना खरंच आनंद झाला होता.
ड्रॉवरमधून राजगिऱ्याची चिक्की काढून
त्यांनी टेबलाच्या कडेवर मोडली,
मोठा तुकडा मला दिला.
मला कळेना आभार कशाचे मानायचे,
चारचौघींएवढं पडल्याचे?
मानले.
चिक्की चांगली होती.

पावतीच्या मागे बारीक ठसा :
सवलत एका शैक्षणिक वर्षापुरती,
पुढील वर्षी नवीन प्रमाणपत्र जोडावे.
जोडेन.
मधल्या काळात पाय सुधारले तर तसं कळवेन.

रात्री आश्लेषा गच्चीवरून उतरली,
खांद्यावर तिघींचे वाळलेले कपडे, त्यात माझी ओढणी.
वरून विमानं अगदी जवळ दिसतात म्हणते,
खिडक्यासुद्धा मोजता येतात.
मला जूनपासून नुसता आवाज माहीत,
पाण्याचा ग्लास टेबलावर थरथरतो तेवढं विमान.
मी विचारलं, चाकं दिसतात का गं?
"दिसतात की. इथे येईपर्यंत बाहेर काढलेली असतात."
आणि त्याच्या आधी?
"आधी पोटात.
हवेत कशाला हवीत? जमिनीवरच लागतात ना."
ओढणीची घडी घालून ती वर गेली,
बहात्तर पायऱ्या, मी मोजल्या, चपलांच्या आवाजावरून.

जमिनीवरच लागतात.
हे रकान्यात मावलं असतं.