सतरा मिलिसेकंद

पाषाणच्या लॅबमध्ये चौथी रात्र.
अक्ष उमटतात, आलेख अर्ध्यावर येतो,
आणि खिडकीच गायब. ना निरोप, ना कुरबुर.
चाळीसदा चालवा, एकदा पडतो.
पाळत ठेवून बसा, मग पडतच नाही.

माग काढायला मधे एक ओळ घातली,
‘इथवर आलो’ एवढंच छापणारी.
दोनशे वेळा सुरळीत.
ओळ काढली, आडवा.
पाहुण्यांसमोर शहाणं होणारं कार्टं!

निमकर सर म्हणाले, मग राहू दे की ती ओळ.
त्यांच्या जुन्या डब्यावर तो कधीच पडत नाही,
डबा इतका संथ आहे
की सगळ्यांना आवरायला वेळ मिळतो.

पहाटे कळलं.
खिडकी बंद होते, पण टायमरला कुणी सांगतच नाही.
तो आणखी एकदा येतो,
अकरा महिन्यांचा करार संपलेल्या फ्लॅटवर
दूधवाला यावा तसा.
कधी सामान निघायचं असतं, कुणीतरी पातेलं पुढे करतं.
कधी दार उघडतो भलताच माणूस.
कधी दारच नसतं.
सतरा मिलिसेकंदांचा फरक.

दुरुस्ती म्हणाल तर एकच ओळ:
निघण्याआधी दूध बंद करा.

सरांना आलेख पाठवला, अख्खा,
मे महिन्याचं तापमान, टोकापर्यंत.
घरी जाताना सुतारवाडीच्या वळणावर
स्कूटर आपोआप हळू झाली.
तिथं आता ओळखीचं कुणी राहत नाही.
हे कळवायचं राहिलंय तिला.