तीनच मिनिटं

जेल रोडच्या डॉक्टर क्षेमकल्याणींनी
रिपोर्टवर पेन आपटलं :
दुधाचा चहा बंद. ग्रीन टी घ्या, चालायला जा.

हे प्रेसमधले. एकतीस वर्षं कोऱ्या नोटा मोजल्या.
आता डब्यातल्या पुड्या मोजतात,
मिनिटं मोजतात : तीनच, नाहीतर कडवटतं.
पहिला घोट घेऊन म्हणाले,
"द्राक्षाचा मांडव धुतलेलं पाणी."

मीही बसले सोबत. एकट्याला कसं पाजायचं
असलं हिरवट, बिनसाखरेचं, खरं बोलणारं?
माझ्या कपातही सोडली एक पुडी,
दोरा कानाला गुंडाळून.

रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या.
अर्ध्यात धाप, खाली हायवे,
आणि कितीतरी वर्षांनी
पेन्शन सोडून दुसरंच काहीतरी बोलणं.

तीन महिन्यांत माझं वजन चार किलो उतरलं,
गुडघा गप्प बसला.
यांची साखर होती तिथंच.
डॉक्टर चक्रावले.

काल बिटकोजवळ टपरीवाल्यानं हटकलं,
"काकू, काका आज फिरकले नाहीत?
त्यांचं रोजचं कटिंग, जास्त गोड, तसंच राहिलं."

घरी आले. काही बोलले नाही.
कपात पुडी सोडली.
"तीनच मिनिटं हं," हे आतून ओरडले.

मी पाच होऊ दिली.